स्तनातील गाठ : इलास्टोग्राफीचे दोन रिपोर्ट, दोन निष्कर्ष

कोरांटी

नमस्कार. सुमारे दीड महिन्यापूर्वी अंघोळ करताना माझ्या डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, हरभऱ्याहून थोडी मोठी अशी गाठ हाताला लागली. ती दुखत नाही, स्तनाग्रातून स्राव नाही आणि त्वचेतही काही बदल दिसत नाही. माझे वय ४३ वर्षे असून आई, मावशी किंवा बहीण यांपैकी कोणालाही स्तनाचा कर्करोग झालेला नाही. मॅमोग्राफी केली, पण स्तनाची घनता जास्त असल्यामुळे त्या जागी गाठ वेगळी ओळखू येत नाही, असे रिपोर्टमध्ये लिहून आले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या केंद्रांत सोनोग्राफी झाली आणि दोन्ही ठिकाणी तिच्याबरोबरच इलास्टोग्राफीही, म्हणजे गाठीचा कडकपणा दाखवणारी तपासणी, करण्यात आली.

पहिल्या रिपोर्टनुसार गाठ १४ बाय ९ मिलिमीटर, लंबगोल, कडा स्पष्ट, ‘इलास्टिसिटी स्कोअर २’, बायरॅड्स (कर्करोगाच्या शंकेचा वर्ग) ३, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी असा सल्ला आहे. दुसऱ्या रिपोर्टमध्ये आकारमान जवळपास तेच आहे, परंतु ‘एका बाजूची कडा अस्पष्ट’ आणि ‘कमाल कडकपणा ११८ किलोपास्कल’ असे लिहिले असून बायरॅड्स ४ए देऊन बायोप्सी सुचवली आहे.

माझा गोंधळ रंगांपासून सुरू झाला. पहिल्या चित्रात गाठीच्या जागी हिरव्या रंगात निळे ठिपके आहेत, तर दुसऱ्या चित्रात गाठीभोवती लाल कडे दिसते. लाल म्हणजे धोका असे समजून मी दोन रात्री झोपले नाही. मग नीट पाहिल्यावर लक्षात आले, की पहिल्या चित्राशेजारच्या पट्टीवर लाल टोकाला ‘सॉफ्ट’ लिहिले आहे आणि दुसऱ्या चित्रातल्या पट्टीवर त्याच लाल टोकाला ‘हार्ड’. एकाच तपासणीचे दोन अर्थ कसे असू शकतात? तीन आठवड्यांत गाठ कडक झाली, असे समजायचे का? आणि कडकपणा इतक्या अचूक आकड्यात मोजता येत असेल, तर सुई न टोचता केवळ या तपासणीवरून निर्णय घेता येणार नाही का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मला अवघड वाटले तरी चालेल, पण अर्धवट नको.


प्रतिध्वनी

कोरांटीताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि गेली बरीच वर्षे स्तनाची सोनोग्राफी करते. तुमची प्रत्यक्ष चित्रे पाहिल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, पण दोन्ही रिपोर्ट कसे वाचावेत हे सांगू शकते.

रंगांचा प्रश्न आधी मिटवू. कोणत्या टोकाला कोणता रंग द्यायचा, हे यंत्र बनवणारी कंपनी ठरवते. ज्या जपानी यंत्रांवर इलास्टोग्राफीची गुणपद्धत रूढ झाली, त्यांत कडक भाग निळा आणि मऊ भाग लाल दाखवला जात असे. पुढे फ्रान्समध्ये विकसित झालेल्या शिअर वेव्ह यंत्रांनी नेमके उलटे केले. काही यंत्रांत तर रंगच नसतात, कडक भाग काळा आणि मऊ भाग पांढरा दिसतो. शिवाय अनेक यंत्रांत एक बटण दाबून पट्टी उलटी करता येते. त्यामुळे शेजारची पट्टी न वाचता या चित्राकडे पाहण्यात अर्थ नाही, आणि ती पट्टी तुम्ही स्वतःहून वाचलीत याचे मला खरोखर कौतुक वाटते, कारण रिपोर्ट घेऊन येणारे काही डॉक्टरसुद्धा ती वाचत नाहीत.

आता दोन तपासण्यांविषयी. दोन्हींना इलास्टोग्राफी म्हणतात, पण त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिल्या केंद्रात झालेली ती स्ट्रेन इलास्टोग्राफी. कणीक मळताना आत राहिलेली गुठळी बोटाला लागते, कारण सभोवतालची कणीक दबते आणि गुठळी दबत नाही. हीच गोष्ट येथे यंत्र करते. प्रोबने अगदी हलकासा दाब दिला जातो, किंवा श्वास आणि हृदयाच्या ठोक्यांमुळे होणारी हालचालही पुरते, आणि दाबापूर्वीचे व दाबानंतरचे प्रतिध्वनी ताडून कोणता भाग किती दबला ते यंत्र काढते. ह्यूस्टन येथील जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही कल्पना मांडली आणि ‘इलास्टोग्राफी’ हे नावही तेथूनच आले. मात्र दाब नेमका किती होता हे यंत्राला ठाऊक नसते. म्हणून हे चित्र सापेक्ष असते. चौकटीत जे जे आहे त्यांत अधिक कडक काय आणि अधिक मऊ काय, एवढेच ते सांगते. चौकटीत चरबीचा थर आला की गाठ अधिक कडक भासते, आणि भोवती केवळ घट्ट ग्रंथीयुक्त ऊती असली की तीच गाठ फारशी उठून दिसत नाही. तुमच्या मॅमोग्राफीत घनता जास्त असल्याचा उल्लेख आहे, तो येथे ध्यानात ठेवावा.

तुमचा ‘स्कोअर २’ हा जपानमधील त्सुकुबा येथील गटाच्या पाच गुणांच्या पद्धतीतला आहे. १ म्हणजे संपूर्ण गाठ आजूबाजूसारखीच दबते. २ म्हणजे बहुतेक भाग दबतो, मधूनमधून काही ठिपके दबत नाहीत. ३ म्हणजे कडेचा भाग दबतो पण मधला नाही. ४ म्हणजे गाठ मुळीच दबत नाही. आणि ५ म्हणजे गाठच नव्हे, तिच्या भोवतालची ऊतीही दबत नाही. इतो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १११ गाठींवर ही पद्धत तपासली. ४ आणि ५ गुणांना कर्करोगाचे लक्षण मानले, तर संवेदनशीलता (कर्करोगाच्या गाठी पकडण्याचे प्रमाण) ८६.५ टक्के आणि विशिष्टता (साध्या गाठी साध्या म्हणून ओळखण्याचे प्रमाण) ८९.८ टक्के आली. शंभराच्या हिशोबात मांडायचे तर कर्करोगाच्या शंभर गाठींपैकी तेरा-चौदा गाठी या कसोटीतून निसटतात. आकडा वाईट नाही, पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी याच तेरा-चौदा गाठींत आहे.

दुसऱ्या केंद्रात झालेली ती शिअर वेव्ह इलास्टोग्राफी. तिच्यात हाताने दाबायचे नसते. यंत्र स्वतः ध्वनीचा एक जोरकस स्पंद ऊतीत सोडते, त्यामुळे ऊती किंचित ढकलली जाते, आणि त्या धक्क्यातून आडव्या दिशेने पसरणाऱ्या तरंगांचा वेग मोजला जातो. कडक ऊतीत हे तरंग वेगाने धावतात. तुमचे ११८ किलोपास्कल तेथून आले. लाल कड्याचेही स्पष्टीकरण देते. कर्करोगाच्या गाठींत सर्वांत कडक भाग पुष्कळदा गाठीच्या मध्यापेक्षा काठावर आणि लगतच्या ऊतीत सापडतो, म्हणून आम्ही कमाल आकडा शोधताना काठसुद्धा धुंडाळतो. परंतु असे कडे काही साध्या गाठींभोवतीही दिसते, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही.

तीन आठवड्यांत गाठ कडक झाली असे मला वाटत नाही. दोन वेगळ्या पट्ट्यांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या आहेत, एवढेच. आणि खरे सांगायचे तर दोन्ही रिपोर्टांत मतभेद आहे तो कडकपणाबद्दल कमी आणि कडेबद्दल जास्त. बायरॅड्सचा वर्ग मुख्यतः साध्या सोनोग्राफीतील आकार, कडा आणि गाठीची दिशा यांवरून ठरतो. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत कडकपणाला प्रथमच जागा मिळाली, तीही ‘मऊ, मध्यम, कडक’ अशा तीन शब्दांत आणि सोबतचे लक्षण म्हणून. रूपावरून येणारी शंका त्याने पुसू नये, असा त्यामागचा दंडक आहे. पहिल्या डॉक्टरांना कडा सर्वत्र स्पष्ट दिसली, म्हणून ३. दुसऱ्यांना एका बाजूला अस्पष्ट दिसली, म्हणून ४ए. वर्ग ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत धरतात, ४ए मध्ये २ ते १० टक्के. म्हणजे ४ए मिळालेल्या बहुसंख्य गाठी साध्याच निघतात, तरीही सुई लावण्याइतकी शंका त्या वर्गात असते. एका अनुभवी डोळ्याला कड अस्पष्ट दिसली असेल, तर माझ्या मते बायोप्सी करून घ्यावी.


लोलक

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात काम करतो. आकड्याच्या अचूकपणाबद्दल जे विचारले आहे, तेवढ्यापुरते लिहितो.

शाळेत आपण अनुतरंग आणि अवतरंग शिकलो. सोनोग्राफीचा नेहमीचा ध्वनी हा अनुतरंग असतो आणि मऊ ऊतीत तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. गाठ साधी असो वा कर्करोगाची, या वेगात फारसा फरक पडत नाही, म्हणून साध्या सोनोग्राफीला कडकपणा थेट दिसत नाही. प्रतिध्वनी यांनी सांगितलेले आडवे तरंग म्हणजे अवतरंग. ते ऊतीत सेकंदाला साधारण १ ते १० मीटर एवढ्याच वेगाने सरकतात, म्हणजे चालत्या माणसापासून जोरात पळणाऱ्या धावपटूपर्यंतचा वेग, आणि हा वेग मात्र कडकपणानुसार कित्येक पटींनी बदलतो. इतक्या क्षणिक तरंगाला पकडण्यासाठी पॅरिसमधील एका गटाने २००४ च्या सुमारास सेकंदाला हजारो चित्रे टिपणारी पद्धत पुढे आणली. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानामागे जसा शंकू तयार होतो, तसे अनेक खोलींवर झटपट स्पंद देऊन ऊतीत तरंगांचा शंकू उभा करायचा आणि तो पसरताना पाहायचा, अशी ती युक्ती आहे.

यंत्र प्रत्यक्षात फक्त वेग मोजते. किलोपास्कल हा त्यावरून काढलेला आकडा आहे. ऊतीची घनता पाण्याएवढी धरून वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला तिनाने गुणायचे, की यंगचा गुणांक, म्हणजे कडकपणाचे माप, मिळतो. तुमचे ११८ किलोपास्कल म्हणजे सेकंदाला जवळपास ६.३ मीटर. येथे वर्ग आहे हे विसरू नये, कारण वेगात दहा टक्क्यांची चूक झाली तर किलोपास्कलमध्ये ती सुमारे वीस टक्क्यांची होते. शिवाय हे सूत्र ऊती एकजिनसी आहे, सर्व दिशांनी सारखी आहे आणि ताण सोडताच पूर्ववत होते असे गृहीत धरते. स्तनाची ऊती यांतले काहीच पूर्णपणे पाळत नाही. ११८ हा आकडा तीन अंकी असला, तरी सोनाराच्या काट्यावरच्या वजनासारखा तो वाचू नये.

दाबाचा मुद्दा तर आणखी नाजूक आहे. शिअर वेव्ह तपासणीत हाताने दाबायचे नसते हे खरे, पण प्रोब त्वचेवर टेकवावा लागतोच, आणि टेकवताना तो नकळत रुतला तर मऊ ऊतीसुद्धा घट्ट होऊन तिचा आकडा वर जातो. कापसाच्या उशीवर आधीच कोपर रोवून ठेवले, तर मग तिचा मऊपणा बोटाने कसा कळणार? म्हणून कुशल तपासनीस भरपूर जेल लावून प्रोब केवळ तरंगता ठेवतो, श्वास क्षणभर रोखायला सांगतो आणि एकाच जागेची मोजणी अनेकदा करून पाहतो. तुमच्या वेळी असे झाले होते का, हे आठवून पाहा.

आणखी एक. अवतरंग द्रवातून जात नाहीत, त्यामुळे पाण्याने भरलेल्या गाठीच्या जागी चित्र रिकामे राहते. पण अतिशय कडक कर्करोगाच्या मध्यभागीसुद्धा कधी कधी तरंगांचा मागमूस लागत नाही आणि तेथेही चित्र रिकामेच येते. रिकामी जागा म्हणजे मऊ जागा, असा अर्थ काढण्याची चूक होते.


काटेसावर

मी शल्यचिकित्सक आहे, आणि वरील दोघांबद्दल आदर बाळगून थोडे वेगळे मत मांडतो.

कडकपणा हे कर्करोगाचे लक्षण आहे ही गोष्ट नवी नाही. हाताच्या बोटांनी ती ओळखणे हाच आमच्या तपासणीचा पाया आहे. बोटांना कमी लेखण्याचे कारणही नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक केंद्राने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासल्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावात मॅमोग्राफी नाही, तेथे किलोपास्कलची चर्चा मला काहीशी ऐषारामाची वाटते. असो, तो वेगळा विषय.

माझी अडचण अशी, की इलास्टोग्राफीचा रिपोर्ट रुग्णाला जेवढा धीर देतो तेवढा देण्याचा त्याला अधिकार नाही. ‘गाठ मऊ आहे’ हे वाक्य वाचून सहा-सहा महिने घरी बसलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. सर्व कर्करोग कडक नसतात. श्लेष्मल प्रकारचा कर्करोग, म्हणजे ज्यात पेशी बुळबुळीत द्रवाच्या डबक्यात तरंगत असतात तो, मऊ लागतो. दुग्धनलिकांच्या आतच थांबलेला कर्करोग पुष्कळदा मऊ भासतो. मज्जल प्रकारच्या गाठीही गोल, गुळगुळीत आणि तुलनेने मऊ असू शकतात. उलट जुना फायब्रोॲडिनोमा, म्हणजे तंतू आणि ग्रंथींची साधी गाठ, कॅल्शियम साचल्यामुळे दगडासारखा होतो, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण कडक असतो, आणि मार लागून चरबी मृत झाली की तेथे झालेली गाठ भल्याभल्यांना चकवते. मग हा कडकपणा नेमका कोणत्या बाजूने साक्ष देतो?

आमच्याकडे त्रिसूत्री तपासणी म्हणतात ती जुनी आणि खात्रीची आहे: हाताने तपासणी, प्रतिमा आणि ऊतीचा नमुना. तिन्ही एकमेकांशी जुळल्या की निर्णय घ्यायचा. ताई, तुमच्या बाबतीत दोन प्रतिमा एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा तिसऱ्या केंद्रात जाऊन तिसरे रंगीत चित्र काढू नका. स्थानिक भूल देऊन सोनोग्राफीखाली ट्रू-कट बायोप्सी करा. १४ गेजच्या सुईने तीन-चार बारीक तुकडे घेतात, आणि बहुतेक स्त्रिया त्याच दिवशी घरी जातात. केवळ पेशी ओढून घेणाऱ्या एफएनएसीवर येथे समाधान मानू नका, कारण ऊतीची मांडणी तिच्यात दिसत नाही.


प्रतिध्वनी

काटेसावर यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. मधल्या परिच्छेदाशी अर्धी.

मऊ कर्करोगांची त्यांची यादी बरोबर आहे आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती टेबलावर चिकटवून ठेवावी अशी आहे. पण त्यावरून ही तपासणी निरुपयोगी ठरत नाही; ती कोठे वापरायची हे ठरते. साध्या सोनोग्राफीची खरी अडचण तिच्या अतिसावधपणात आहे. शंका आली की बायोप्सी, आणि बायोप्सी केलेल्यांपैकी मोठा भाग साधा. अमेरिका आणि युरोपमधील १६ केंद्रांत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९३९ गाठी पाहिल्या गेल्या. त्यांतल्या २८९ कर्करोगाच्या निघाल्या आणि ६५० साध्या. केवळ रूपावरून ठरवताना त्या ६५० पैकी ६१.१ टक्के गाठी साध्या म्हणून बरोबर ओळखल्या गेल्या. शिअर वेव्हच्या रंगाची मदत घेऊन वर्ग ३ आणि ४ए यांचीच फेररचना केली, तेव्हा हे प्रमाण ७८.५ टक्क्यांवर गेले. रंगाऐवजी ‘कमाल ८० किलोपास्कलपर्यंत’ हा आकडा निकष म्हणून धरला, तरी ते ७७.४ टक्के आले. साधी गाठ असलेल्या शंभरातल्या सोळा-सतरा स्त्रियांची सुई वाचते, ही माझ्या दृष्टीने ऐषारामाची गोष्ट नाही.

मात्र येथे मेख अशी आहे, की या फेररचनेत ४बी, ४सी आणि ५ या अधिक शंकेच्या वर्गांना हात लावलेला नव्हता. रूपावरूनच कर्करोगासारखी दिसणारी गाठ कितीही मऊ असली तरी तिची बायोप्सी होणारच. काटेसावर यांनी ज्या स्त्रियांचा उल्लेख केला, त्यांच्या बाबतीत चूक कडकपणाच्या चित्राची होती, की ते चित्र पाहून रूपाकडे डोळेझाक करणाऱ्याची, हे तपासायला हवे. माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे.

हाच निकष कोरांटीताईंना लावून पाहू. ८० किलोपास्कलच्या आत आकडा असता, तर ४ए वरून ३ वर आणण्याचा विचार तरी करता आला असता. ११८ मध्ये ती सवलत मिळत नाही. लोलक म्हणतात तशी वीस टक्क्यांची चूक खालच्या दिशेने धरली, तरी आकडा ८० च्या वरच राहतो. म्हणजे इलास्टोग्राफीच्या बाजूने असलेली मी आणि तिच्या विरुद्ध असलेले काटेसावर, दोघेही एकाच दाराशी येऊन उभे आहोत.

पहिल्या रिपोर्टविषयी एक तांत्रिक शंका राहते. स्ट्रेन चित्रात गुणांखेरीज आणखी एक गोष्ट पाहायची असते: गाठ साध्या सोनोग्राफीत जेवढी दिसते, त्यापेक्षा कडकपणाच्या चित्रात ती मोठी दिसते का. कर्करोग आजूबाजूच्या ऊतीलाही ताठरतो, म्हणून त्याची कडक सावली त्याच्या दिसणाऱ्या देहाहून रुंद पडते. साध्या गाठीची सावली सहसा लहान असते. अमेरिकेतील बार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६३५ गाठींवर केलेल्या बहुकेंद्री अभ्यासात या एका तुलनेवरून ९८.६ टक्के संवेदनशीलता मिळाली होती. तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये हे गुणोत्तर लिहिलेले नाही. चित्रे सीडीवर असतील, तर ते आताही मोजता येईल, पण बायोप्सी त्यासाठी थांबवू नये.


कोरांटी

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या केंद्रात तपासताना प्रोब बराच दाबला गेला होता, इतका की मी एकदा हात बाजूला केला. दुसऱ्या केंद्रात मात्र भरपूर जेल लावून दोन-तीनदा श्वास रोखायला सांगितले होते. लोलक यांनी विचारले नसते तर मला हे महत्त्वाचे वाटले नसते. येत्या गुरुवारी ट्रू-कट बायोप्सी ठरली आहे.

घरातल्या ज्येष्ठांचे म्हणणे असे, की सुई लावली की गाठ ‘चिडते’ आणि पसरते. मला ते पटत नाही, पण त्यांना उत्तर काय द्यावे? आणि बायोप्सीचा निकाल साधा आला, तर त्या ११८ आकड्याचे काय करायचे?


सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. घरच्यांना सांगा, की सुईच्या मार्गात काही पेशी सरकू शकतात हे आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, परंतु बायोप्सी झाल्यामुळे रुग्णाचे आयुष्य घटते असे दिसून आलेले नाही. उलट नमुन्याशिवाय शस्त्रक्रिया किंवा औषधे यांची आखणीच करता येत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो फार थोडे रुग्ण विचारतात. कर्करोगाच्या पेशी स्वतः कडक नसतात. त्यांच्या चिथावणीने भोवतालच्या पेशी कोलॅजेनचे जाड तंतू विणत जातात, आणि यंत्राला जाणवतो तो प्रामुख्याने त्या जाळ्याचा ताठरपणा. शस्त्रक्रियेत काढलेली अशी गाठ चिरताना कच्चा पेरू चिरल्यासारखी सुरीखाली करकरते. श्लेष्मल कर्करोगात हे जाळे विरळ असते, म्हणून तो मऊ. याच कारणाने काही साध्या स्थितींतही आकडा वर जातो. ज्या फायब्रोॲडिनोमात तंतूंचा भाग दाट आहे तो, किंवा ग्रंथींच्या भोवती तंतू दाटून येणारी स्क्लेरोझिंग ॲडिनोसिस ही स्थिती, यांत कडकपणा आढळणे स्वाभाविक आहे, आणि या दुसऱ्या स्थितीत कडाही अस्पष्ट दिसू शकतात.

म्हणून निकाल केवळ ‘साधा’ आहे का, एवढे पाहून थांबायचे नाही. त्या निकालाने कडकपणाचे आणि अस्पष्ट कडेचे कारण सांगितले का, हे पाहायचे. तुकड्यांत तंतुमय फायब्रोॲडिनोमा किंवा स्क्लेरोझिंग ॲडिनोसिस स्पष्ट दिसली, तर सगळे जुळले. पण निकालात नुसतीच चरबी आणि सर्वसाधारण ग्रंथीयुक्त ऊती आली, तर ११८ किलोपास्कलची गाठ त्या तुकड्यांत आलेलीच नाही असे आम्ही समजतो. अशा वेळी रेडिओलॉजिस्टशी बोलून पुन्हा नमुना घ्यावा लागतो, किंवा गाठ काढून तपासावी लागते. येथे मात्र कडकपणाचा आकडा आमच्या फार उपयोगी पडतो, हे काटेसावर यांनाही मान्य होईल असे वाटते.

गुरुवारी दोन गोष्टी करा. इलास्टोग्राफी पुन्हा करायची असेल, तर ती सुई लावण्यापूर्वीच होऊ द्या, कारण नंतर आत साचलेल्या रक्तामुळे गाठीचा आणि भोवतालचा कडकपणा बदललेला असतो आणि ते चित्र कशाशीच ताडता येत नाही. आणि नमुन्याच्या बाटलीसोबत जो कागद येतो, त्यावर पुष्कळदा ‘डाव्या स्तनातील गाठ’ एवढेच लिहिलेले असते. डॉक्टरांना विनंती करून त्या कागदावर गाठीचे माप, बायरॅड्स ४ए, अस्पष्ट कड आणि कमाल ११८ किलोपास्कल हे चारही तपशील लिहून घ्या, म्हणजे काचपट्टी पाहताना आपण काय शोधत आहोत हे आमच्यापैकी जो कोणी ती पाहील त्याला ठाऊक असेल.